कुसुमच्या सायकलीचे ब्रेक

अण्णा घरी यायच्या आधी त्यांच्या सायकलीचा आवाज यायचा. कालव्याच्या भरावावरून ते पायडल न मारता उतरू लागले की मागच्या चाकातलं फ्रीव्हील टिकटिक करायचं, आणि त्या टिकटिकीवर माय चुलीवर तवा ठेवायची. अण्णा हातपाय धुऊन आत येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कधी कढी. माझे वडील सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. कोणत्या शेताची पाण्याची पाळी कधी, दारं किती उघडायची, भराव कुठं पाझरतोय, हे बघत ते रोज तीसेक किलोमीटर सायकल मारायचे. दारं फिरवायची लांब लोखंडी चावी सायकलीच्या नळीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली असायची. आम्ही राहायचो ती चौकी म्हणजे कालव्याच्या काठावरचं दोन खोल्यांचं दगडी घर. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मायच्या शिलाईचं मशीन, आणि दाराशेजारी सायकलीची जागा. पाऊस असो की ऊन, सायकल आत यायची. आम्हा तिघांना अंग आखडून झोपावं लागलं तरी चालेल, पण सायकल बाहेर राहायची नाही.

रविवारी सकाळी अण्णा अंगणात बारदान अंथरायचे आणि सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी करायचे. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसायची. मला कुणी बोलावलेलं नसायचं आणि कुणी हाकलायचंही नाही. आधी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची, पाणी कधीच ओतायचं नाही, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरलं की ग्रीस धुऊन निघतं. मग चेन. मायच्या मशीनच्या तेलाची छोटी कुपी घेऊन ते चेनच्या आतल्या बाजूला एकेक थेंब सोडायचे, पायडल उलटं फिरवत राहायचे, आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बाहेरचं तेल पुसून कोरडं करायचे. "तेल आतल्या खिळ्याला लागतं," ते म्हणायचे, "बाहेर ठेवलं की ते माती खातं आन् माती चेनला खाते." आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात सायकल चालवणं म्हणजे वेगळीच विद्या होती. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये चिखल बसायचा आणि चाकच फिरायचं थांबायचं. म्हणून अण्णा पावसाळ्याच्या आधी मडगार्ड जरा वर उचलून बांधायचे आणि कॅरियरला बाभळीची एक चपटी काडी अडकवून ठेवायचे. चिखल साचायला लागला की उतरायचं, काडीनं काढायचा, पुढं निघायचं. जोर लावून रेटलं की चेन तुटते, हे मी त्यांच्याकडून ऐकलं आणि नंतर एकदा स्वतः तोडूनही बघितलं.

आज हे लिहिताना खिडकीखाली माझ्या नातीची सायकल उभी आहे. तिला सात गियर आहेत, ब्रेक चकतीचे आहेत, आणि चेन भाजीच्या पाटीसारखी करकरते. हिंगोलीच्या रस्त्यावरून ती ट्यूशनला जाते तेव्हा मला दोन घरांपलीकडून कळतं. परवा मी टायर अंगठ्यानं दाबलं तर अंगठा आत गेला. म्हटलं, बाई, हवा कमी असली की ट्यूब रिमवर चिरडते, पायांना दुप्पट काम पडतं, आणि तू म्हणतेस सायकल जड आहे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेव, आठवड्यातून एकदा भर, उन्हाळ्यात भर दुपारी उन्हात उभी करू नको. ती "हो आजी" म्हणाली. मोबाइलवरून डोळे वर आले नव्हते, पण संध्याकाळी पंप मागायला आली.

तर, सातवीनंतर गावात शाळा नव्हती. आठवीला जवळा बाजारला जावं लागायचं, साडेसात किलोमीटर. मुलं जायची. आमच्या गावची एकही मुलगी तोवर गेली नव्हती. गुरुजींनी अण्णांना सांगितलं होतं की शकू हुशार आहे, हिला थांबवू नका. अण्णांनी मला विचारलं, "जाशील?" मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी मला शाबासकी दिली नाही, आशीर्वाद दिला नाही. कालव्याच्या सरकारी गोदामात पडलेली त्यांचीच जुनी सायकल काढली, बारदानावर ठेवली आणि म्हणाले, "हिला पुरी खोल. पुरी जोड. मग बसायचं. रस्त्यात बंद पडली तर तिथं बाप न्हाई, मिस्त्री न्हाई. तूच हायेस."

मला त्याला चार रविवार लागले. पहिल्या रविवारी मी सगळे नटबोल्ट एका डब्यात टाकले आणि दुसऱ्या रविवारी रडले, कारण कुठला कुठं बसतो ते कळेना. अण्णांनी सांगितलं नाही. ते फक्त म्हणाले, "खोलशील तसं वळीनं मांड. जोडताना उलट्या वळीनं उचल." मग मी बारदानावर कोळशानं रेघा ओढल्या आणि एकेक वस्तू मांडली. पुढच्या चाकाचे छर्रे मोजले, सांडले, कोंबडीच्या पिलांच्या पायांखालून गोळा केले, ग्रीसमध्ये चिकटवून परत बसवले. पंक्चर काढायला शिकले. ठिगळ लावण्याइतकंच महत्त्वाचं असतं टायरच्या आतून बोट फिरवणं, कारण बाभळीच्या काट्याचं टोक तिथंच मोडून बसलेलं असतं आणि ते काढलं नाही तर घरी पोचेपर्यंत पुन्हा पंक्चर. बोट हळू फिरवायचं, नाहीतर काटा बोटात. सीटची उंची अण्णांनी ठरवली: पायडल सगळ्यांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघ्यात थोडासाच वाक. उंच सायकलीवर नळीखालून पाय घालून चालवायची सवय होती मला, ती मोडावी लागली. आणि परकर चेनमध्ये जाऊ नये म्हणून जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून घोट्याच्या वर बांधायची. हा शोध मायचा. अण्णांना हे सुचायचं कारणच नव्हतं.

कुसुम माझ्याबरोबर आली ती तिच्या हट्टामुळं. ती गंगाधरकाकांची लेक. गंगाधरकाका म्हणजे गावातले मोठे शेतकरी, हळदीचे तीन मोठे प्लॉट, बोलणं कमी आणि नजर कडक. त्यांचा मोठा मुलगा नांदेडला कॉलेजला गेला आणि त्याची सायकल वाड्यात नुसती उभी होती. कुसुम दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी गंगाधरकाका तिला घेऊन आमच्या चौकीवर आले. अण्णांनी खाट टाकली, पण ते उभेच राहिले. मला म्हणाले, "तुला सायकल दुरुस्त करता येते म्हनं. व्हय?"

"व्हय."

"रस्त्यात कायी झालं तर?"

"मी करते की."

"मंग हिची सायकल तुज्याकडं. हिला त्यातलं कायी कळत न्हाई."

अशी मी तेराव्या वर्षी दोन सायकलींची मालकीण झाले. त्या जून महिन्यापासून आम्ही दोघी जायला लागलो. सुरुवातीचे दिवस गावाच्या वेशीवर माणसं उभी राहून बघायची. एकदोघं काहीतरी बोलायची, आम्ही ऐकलं नाही असं करायचो आणि जोरात पायडल मारायचो. महिन्याभरानं बघणारे कंटाळले. आमच्या मागून गावच्या शाळेत सातवीत चार मुली होत्या, त्यांच्या आया मायला मशीनवर शिवायला कपडे देताना विचारायच्या, "जातात का गं बराबर? कायी तकलीफ?" माय म्हणायची, "जातात आन् येतात. भूक लई लागते, एवढीच तकलीफ." रस्त्यानं चालवायचे आमचे नियम आम्हीच केले होते. ट्रक मागून आला की एकीमागं एक, दोघींमध्ये सायकलभर अंतर. उसाच्या गाडीला ओलांडताना उजवीकडून जायचं, आणि बैलांच्या नजरेत येण्याआधी घंटी वाजवायची, अगदी कानाजवळ वाजवली तर बैल बुजतात. दप्तर कॅरियरवर दोन्ही बाजूंनी बांधायचं, एकाच बाजूनं बांधलं की वळणावर सायकल ओढते. उतारावर ब्रेक उताराच्या आधीच हळूहळू दाबायला लागायचं, मधोमध एकदम नाही.

दिवाळीपर्यंत माझं नाव झालं होतं. शाळेतली मुलंसुद्धा मधल्या सुट्टीत चेन उतरली की माझ्याकडं यायची. एका सरांनी मला "मिस्त्रीणबाई" म्हटलं आणि ते चिकटलं. मला ते फार आवडायचं. अण्णा अजूनही रविवारी माझ्या हातांकडं बघायचे, पण मला आता त्यांच्या बघण्याची गरज वाटत नव्हती. हे मी आज लिहितेय तेव्हा त्यात काही पश्चात्ताप कालवत नाही. तेराव्या वर्षी एखादी गोष्ट खरोखर येत असली की माणूस असाच होतो, आणि मला ती येत होती. बरीचशी येत होती.

हळद शिजवायचे दिवस आले. गावभर कढयांचा वाफाळ वास, तो कपड्यांत, केसांत, वह्यांच्या पानांत बसायचा. एका शनिवारी संध्याकाळी कुसुमच्या सायकलीच्या ब्रेकची रबरं झिजली म्हणून मी त्यांच्या अंगणात बसून बदलली. त्या सायकलींना दांडीचे ब्रेक असायचे. हँडलखालची दांडी ओढली की चाकाच्या दोन्ही बाजूंची रबरं रिमला दाबायची. प्रत्येक रबर पत्र्याच्या एका छोट्या खाचेत सरकवून बसवलेलं असतं. त्या खाचेचं एक तोंड बंद असतं आणि दुसरं उघडं. खाचा गंजल्या होत्या म्हणून मी त्या चारही सोडवल्या, रॉकेलमध्ये बुडवून घासल्या, चकचकीत केल्या. नवी रबरं सरकवली आणि खाचा परत बसवल्या. बसवताना उघडं तोंड कुठं ठेवायचं याचा विचार केला नाही. जसं हाताला सोपं पडलं तसं बसवलं. कुसुमच्या आईनं, म्हणजे काकूंनी, चहा आणला होता आणि त्या म्हणत होत्या, "बाई, किती गुणाची गं तू." ब्रेकचं काम झाल्यावर अण्णांचा एक नियम होता: सायकलीवर बसायचं नाही, खाली उभं राहून दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबायचे आणि तशीच सायकल पुढं रेटायची, तीन वेळा. मी एकदा रेटली, अर्ध्या ताकदीनं. चहा गार होत होता.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. कालव्याचा पूल आमच्या रस्त्यातला एकमेव चढ. पुलावर चढायचं आणि पलीकडं उतरायचं, आणि उताराच्या तळाशी रस्ता डावीकडं वळतो. मी पुढं होते. वळणावर उसानं भरलेली बैलगाडी अर्धा रस्ता अडवून उभी होती, गाडीवान जोखडाची दोरी बांधत होता. मी आधीच ब्रेक दाबत आले होते, म्हणून बाजूनं सहज निघाले. मागून कुसुमचा आवाज आला, "शकू, थांबत न्हाई गं!" आणि मग एक कोरडा खडखडाट. ती गाडीवर आदळली नाही. तिनं हँडल उजवीकडं वळवलं आणि सायकलीसकट पाण्याच्या चारीत पडली. चारी कोरडी होती आणि तळाला दगड होते.

मी धावत गेले तर ती बसलेली होती आणि डावा हात उजव्या हातानं धरून माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. खांद्याजवळचं हाड वर आल्यासारखं दिसत होतं. मी माझ्या दप्तरातली पुस्तकं चारीच्या काठावर ओतली, दप्तराचा पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि हात पिशवीत ठेवला, म्हणजे तो हलणार नाही. गाडीवानानं ऊस एका बाजूला सारून जागा केली. मी त्याला म्हटलं, "मामा, हळू हाका, पण थांबू नका." कुसुमला वर बसवलं आणि मी गाडीबरोबर चालायला लागले, तेवढ्यात मला रस्त्यावर एक काळा तुकडा दिसला. बोटाएवढा, नवाकोरा. दहा पावलांवर दुसरा. मी दोन्ही उचलले. ती रबरं होती. खाचेतून निघून गेलेली.

त्याच जागी उभी असताना मला कळलं. चाक फिरतं तेव्हा रिम रबराला आपल्याबरोबर ओढत नेतं. ज्या बाजूला ओढतं त्या बाजूला खाचेचं बंद तोंड हवं, म्हणजे रबर तिथं अडतं. उघडं तोंड त्या बाजूला असलं की साध्या रस्त्यावर, हलक्या हातानं दाबून, दोन दिवस काही होत नाही. पण उतारावर जीव तोडून ब्रेक दाबला की रबर सरळ बाहेर. पुढचंही आणि मागचंही. ज्या क्षणी ब्रेक लागायला हवा असतो, नेमका त्याच क्षणी. मी ती रबरं परकराच्या खिशात घातली आणि गाडीमागं पळाले.

जवळ्याच्या डॉक्टरांनी खांद्याचं हाड मोडलंय सांगितलं, पट्टा बांधला, सहा आठवडे हलवायचं नाही म्हणाले. दुपारपर्यंत निरोप पोचून गंगाधरकाका बैलगाडी घेऊन आले. ते माझ्याशी बोलले नाहीत. कुसुमशी बोलले. "काय झालं?"

कुसुम म्हणाली, "मला ब्रेक दाबताच आला न्हाई बाबा. मी घाबरले. माझीच चूक."

मी तिथंच होते. खिशात हात होता, हाताला रबरं लागत होती. मी काही बोलले नाही. हे मी लिहून ठेवतेय कारण त्याबद्दल पुढं मला कुणीच विचारलं नाही.

मी साडेसात किलोमीटर चालत घरी आले; पुलापासून दोन हातांत दोघींच्या सायकली होत्या आणि माझी पुस्तकं कॅरियरवर. गावात शिरताना कळलं की बातमी माझ्या आधी पोचलीय. पारावर कुसुमचा चुलता म्हणत होता, "पोरींच्या हातात सायकल दिली की असंच. बंद करा आता हे." त्या चार मुलींपैकी एकीची आई नळावर उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं आणि घागर उचलली.

अण्णा घरी होते. हात-पाय धूत होते. मी रबरं त्यांच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. त्यांनी एक रबर घेतलं, उलटंपालटं केलं. "उघडं तोंड पुढं ठेवलंस."

"व्हय."

"आन् रेटून न्हाई बघितलंस."

"एकदाच."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी रबर माझ्या हातात परत दिलं. "मला सांगून काय उपयोग? मी पडलो न्हाई."

माय म्हणाली, "अवो, त्यांच्या घरी काहून धाडून राहिले? त्यांचा राग तुमाला म्हाईत न्हाई का? पाण्याच्या पाळीवरून आधीच..." अण्णा म्हणाले, "ती पोरगी म्हणून राहिली की माझी चूक. जन्मभर तसंच म्हणंल." एवढंच बोलून ते आत गेले. त्यांनी मला जा असंही सांगितलं नाही. कुसुमची सायकल चौकीच्या भिंतीला टेकून होती. मी ती धरली आणि निघाले.

गंगाधरकाकांच्या अंगणात हळदीच्या कढया उतरवून ठेवल्या होत्या, गडी पिवळ्या पायांनी इकडंतिकडं करत होते. कुसुम ओसरीवर गादीवर टेकून बसली होती. तिचा चुलता होता, काकू होत्या. मी अंगणाच्या मधोमध उभी राहिले. आवाज कापेल असं वाटलं होतं, पण तो मोठाच निघाला. "कुसुमची चूक न्हाई," मी म्हटलं. "तिनं ब्रेक बराबर दाबला. रबरं मी उलटी बसवली होती, ती निघून गेली. ही बघा."

चुलता म्हणाला, "बघा, मी म्हणत न्हवतो?" गंगाधरकाकांनी त्याच्याकडं न बघता हात वर केला आणि तो थांबला. ते ओसरीवरून उतरले. "दाव."

मी सायकल उलटी उभी केली. खाच दाखवली, उघडं तोंड दाखवलं. रबर सरकवलं. मी चाक जोरात फिरवलं आणि त्यांना म्हटलं, "काका, आता ब्रेकची दांडी दाबा, जोरात." त्यांनी दाबली. रबर टचकन बाहेर पडून कढईवर जाऊन आपटलं. एक गडी हसला आणि गप्प झाला. मग मी खाच सोडवली, फिरवून बसवली, बंद तोंड पुढं. चाक पुन्हा फिरवलं. त्यांनी दाबलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. त्यांनी पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी स्वतः चाक फिरवलं, स्वतः दाबलं. मग पाना मागितला आणि मागच्या चाकाची खाच स्वतःच सोडवून फिरवली. मी फक्त कुठली बाजू ते बोटानं दाखवलं.

उभं राहत ते म्हणाले, "चूक तुजी हाये. मी इसरणार न्हाई."

"व्हय काका."

"पण पोरीची न्हाई. हे आज कळलं ते बरं झालं." त्यांनी पाना माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "सायकल चालवायची का न्हाई, ते तिला इचारा. तिचं हाड हाये."

सगळ्यांनी कुसुमकडं बघितलं. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा मोकळा झालेला होता. ती माझ्यावर चिडली होती, ते मला दिसत होतं, आणि ते मला बरं वाटत होतं. ती म्हणाली, "चालवायची. पण आधी मला शिकव. सगळं. हिला त्यातलं कायी कळत न्हाई असं कुणी म्हणायचं न्हाई."

ते सहा आठवडे मी एकटी शाळेत गेले आणि रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर दिवसभराचा अभ्यास लिहून दिला. अभ्यास झाला की सायकल. एका हातानं तिला काही करता येत नव्हतं, म्हणून ती सांगायची आणि मी करायची, आणि मी चुकून तिच्या आधी काही केलं की ती म्हणायची, "थांब. मी सांगितलं न्हाई अजून." तिला ब्रेक पाच दिवसांत आला. चेन, हवा, पंक्चर, हँडलचा ढिलेपणा, चाकाचं आऊट काढणं, म्हणजे डुगडुगणाऱ्या चाकाचे स्पोक कमीजास्त आवळून ते सरळ करणं, हे सगळं तिनं मला विचारून विचारून काढून घेतलं. काही गोष्टी मला सांगता आल्या नाहीत, कारण मी त्या हातानं करत होते, डोक्यानं नाही. त्या मी अण्णांना विचारल्या. गंगाधरकाका जाता-येता थांबायचे, बोलायचे नाहीत. एकदा त्यांनी स्वतःच्या बैलगाडीच्या चाकाचा आंस तपासायला सांगितला, तेव्हा मला कळलं की राग जिथं होता तिथंच आहे, पण माझ्या कामावरचा भरवसा परत आलाय.

पुढं मी विज्ञानाची शिक्षिका झाले, तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. दर जून महिन्यात पहिल्या आठवड्यात मी मुलींना सायकली मैदानात उलट्या उभ्या करायला लावायची आणि मी स्वतः त्यांना हात लावायची नाही. दाखवायचं, करू द्यायचं, आणि मग दोन्ही ब्रेक दाबून तीन वेळा रेटून बघायला लावायचं. आता चकतीचे ब्रेक आले, वायरचे आले, खाचेचं उघडं तोंड आता कुठं दिसतं? पण नवी सायकल दुकानातून आणली की पहिल्याच दिवशी सगळे नट आवळून बघा, हे मी अजून सांगते. घाईत जोडलेली असते ती.

सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी कुसुमचा पट्टा निघून चार दिवस झाले होते. सकाळी मी तिच्या घरासमोर पोचले तर ती आधीच दारात होती, आणि तिच्याबरोबर त्या चार मुलींपैकी दोघी, आपापल्या भावांच्या सायकली घेऊन, त्यांची शाळा गावातच असूनही नुसत्या बघायला आलेल्या. गंगाधरकाका ओसरीवर दात घासत होते. कुसुमनं आपली सायकल उलटी केली, चारही खाचा बघितल्या, ब्रेक दाबून तीन वेळा रेटली, आणि सरळ केली. मी सायकलीवरच बसलेली होते, एक पाय जमिनीवर, मनात म्हणत होते की चल आता, उशीर होतोय. ती माझ्याकडं आली, वाकली, माझ्या मागच्या चाकाला हात लावून ते डावीउजवीकडं हलवलं.

"तुजा मागचा नट ढिला हाये," ती म्हणाली. "उतर."

मी उतरले.